खालून वर

आवाज काढायची माझी खोड लहानपणाची. डोंगरगडले आमचं रेल्वे क्वार्टर स्टेशनाच्या इतकं जवळ होतं का पूछताछवाल्या बाईचं "यात्रीगण कृपया ध्यान दें" मी शाळेच्या प्रार्थनेच्या आधी शिकलो. सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. नवरात्राची गर्दी, बाप ड्यूटीवर, खिडकीतली बाई चहा प्यायले गेलेली अन् माइक चालू. मी तिच्या आवाजात सांगून देल्लं का पैसेंजर एक नंबरच्या ऐवजी तीन नंबरवर येऊन राहिली आहे. अर्धा प्लेटफॉर्म गाठोडे घेऊन पुलावर चढला. मी हसून हसून बेजार. मग खरी गाडी आली एक नंबरवरच, अन् तेच लोक पडत-झडत खाली पळाले. एक म्हातारी पुलाच्या मधातच बसून गेली. गाठोडं मांडीवर, गाडी खालून निघून चालली, अन् ते पाहून राहिली. बापानं घरी नेऊन मले दोन ठेवून देल्ल्या. त्या दोन मी विसरलो. म्हातारी अजून तिथंच बसून आहे.

हे काहून सांगतो, ते पुढे कळन.

रायपूर राजधानी होऊन थोडेच वर्षं झाले होते. शंकर नगरात ज्याच्या घरी वरच्या मजल्यावर हॉल रिकामा होता, त्यानं तिथं कम्प्यूटर मांडून पाटी लावली होती. आमचे सर तसेच. खाली त्यायचं घर, वर ऑफिस. दुपारी जिन्यातून फोडणीचा वास यायचा अन् सगळ्यायचे बोटं कीबोर्डवर हळू पडायचे. कामाचं सरनं पहिल्याच दिवशी सांगतलं. सर नाकातून बोलत, मी तेव्हाच मनात त्यायचा आवाज उचलून घेतला. एक छोटा पहाडी देश आहे, समुद्र नाही. त्याचा सगळा माल दुसऱ्याच्या बंदरावर उतरते, मग ट्रकनं सीमा ओलांडत वर जाते. आता आजूबाजूच्या देशायनं ठरवलं का सगळ्यायच्या कस्टमचं एकच कम्प्यूटर जाळं करायचं. बंदरावर माल लिहिला का पुढच्या प्रत्येक नाक्यावर तो आधीच दिसन. कागदाचे गठ्ठे बंद. या छोट्या देशाले त्या जाळ्यात जुडायचं होतं अन् त्याआधी त्याले तयार करायचं होतं. ते काम परदेशातून दिल्लीच्या एका कंपनीकडे आलं, दिल्लीवरून सरकडे, अन् सरकडून आम्हा पाच-सहा पोट्ट्यायकडे, ज्यायनं समुद्रही पाहिला नव्हता अन् ते पहाडही.

त्या देशाच्या जुन्या रजिस्टरात माल जसा तोंडाले आला तसा लिहिलेला. आमाले त्याले कोड लावायचे होते. अन् जुडायच्या आधी तीन महिने तालीम: ट्रक खरे, कागद खरे, बाजूले कम्प्यूटरही चालू. नाक्यावरचा बाबू कम्प्यूटरात माल टाके. कोड सापडला नाही का तो रायपूरले फोन करे. इकडून कोड सांगतला अन् रंग सांगतला, तरच गाडी हाले. लाल म्हणजे खोलून पाहा. हिरवा म्हणजे जाऊ द्या.

रंग सांगायचा हक्क फक्त काकाले होता.

काका जुन्या रायपुरातल्या बूढ़ापाऱ्याचे, मराठ्यायच्या राज्यात इकडे आलेलं घराणं. सगळी नोकरी नाक्यावर गेली; भनपुरीच्या कारखान्यायतून निघालेला ट्रक काकासमोर थांबल्याशिवाय पुढे गेला नाही म्हणत. रिटायर झाल्यावर सरनं त्यायले बोलावून घेतलं, कारण आमच्यापैकी कोणालेच ड्रम अन् डबा यातला फरक ठाऊक नव्हता. काकाले कम्प्यूटर येत नव्हता. ते फोन कानाले लावत, सुपारी गालात सरकवत, नाकातून एक बारीक शिटी सोडत अन् म्हणत, "हव, देखो बेटा. कागज पढ़ो." तिकडचा बाबू मालाचा कागद वाचे. मग काका म्हणत, "अब नीचे से ऊपर पढ़ो."

प्रत्येक वेळी. चहापत्ती असो का चपला.

मी एकदा विचारलं, काका, हे उलटं वाचून काय भेटते? ते म्हणाले, "खोटा माणूस वरून खाली पाठ करते रे. खालून वर कोणीच पाठ करत नाही." अन् खरंच, बाबू उलटं वाचता वाचता अडखळे. सीलचा नंबर आधी येई, मग वजन, मग नग, अन् मधातच तो म्हणे, सर, नग चालीस है पर वजन तो सौ का लिखा है. सरळ वाचताना हे त्याच्या डोळ्याखालून निघून गेलेलं असे. काका डोळे मिटून म्हणत, "लाल."

आता काकाची एक सवय होती. जेवण झालं का दीड वाजता खुर्चीतच त्यायचा डोळा लागे. अर्धा घंटा. हनुवटी छातीवर, सुपारी गालात तशीच. त्यायले उठवायची कोणाची हिंमत नव्हती, अन् फोनले काही झोप येत नव्हती. एक दिवस चार गाड्या उभ्या, बाबू तिकडून रडकुंडीले आला, आमचे पोट्टे माझ्याकडे पाहून राहिले. मी फोन उचलला, जीभ गालाले लावली, नाकातून शिटी सोडली. "हव, देखो बेटा." तिकडून लगेच आलं, "जी सर." अन् मी काकाच्या आवाजात त्याले चपलायचा कोड देल्ला अन् हिरवं करून टाकलं. इकडे पोट्टे तोंडात रुमाल कोंबून हसून राहिले होते. सर जिन्यात उभे होते. त्यायनं ऐकलं. डोळा मारला अन् खाली जेवायले गेले.

त्या दिवसापासून दीड ते दोन काका मी होतो.

फोन टेप होतात हे मले माहीत होतं. दिल्लीच्या कंपनीनं मशीन बसवली होती. पण टेप कोणी ऐकते, हे कधी डोक्यात आलं नाही.

सुरुवातीले मज्जा होती. मग तीन वाजताचे फोन चालू झाले. काका जागे असत अन् तिकडून बाबू म्हणे, सर, वो कंबल वाली गाड़ी, आपने दोपहर को हरा बोला था ना? काका थांबत. "मैंने बोला था?" जी सर, आपने ही. काकाच्या हातातला रिसीव्हर कानापासून थोडा दूर जाई. मग ते म्हणत, "हव. बोला होगा." अन् फोन इतका हळू ठेवत का जसा तो काचेचा आहे.

मी कम्प्यूटरच्या मागून पाहत राहू. पहिल्यांदा हसू आलं होतं. दुसऱ्यांदा कमी आलं.

माझ्या बाजूले एक पोट्टी बसे. घरी तिच्या मराठी, पण बोले हिंदीच. तिनं एक दिवस मले पाण्याच्या मटक्याजवळ गाठलं.

"काका डायरी रखने लगे हैं," ते म्हणाली. "औषध कंपनीवाली, छोटी सी. मैंने देखी."

मी म्हटलं, हिशेब लिहीत असतील घरचा.

"हिशेब नहीं. लिखा है, तारीख, कंबल की गाड़ी, हरा दिया, याद नहीं. फिर दूसरी तारीख, चहापत्ती, याद नहीं. समझ रहा है? जो तू बोलता है, वो लिख रहे हैं."

मटक्यावरचा ग्लास मी भरला अन् तसाच ठेवून देल्ला.

त्यानंतर मी आठ-दहा दिवस तो आवाज काढला नाही. दीड वाजले का फोन वाजू देत जाऊ. पण काका काही पहिल्यासारखे झाले नाहीत. ते आता झोपायच्या आधी टेबलावर सगळं ओळीत मांडत: चष्मा, सुपारीची डबी, डायरी, पेन. जागे झाले का एकेक मोजून पाहत. एकदा मले विचारलं, "मी जेवलो का रे?" मी म्हटलं, काका, डबा समोर आहे, रिकामा. ते डब्याकडे पाहून हसले. असं हसू का मले वाटलं, आता सांगून टाकावं. सांगतलं नाही. सांगायचं म्हटलं का तोंडात माझा आवाजच येत नव्हता.

जुडायची तारीख पंधरा दिवसांवर आली. गाड्या वाढल्या. सरनं मले जिन्यात थांबवलं. नाकातून म्हणाले, "अरे दो हफ्ते की बात है. वो देश जुड़ जाए, फिर तू बकरी की आवाज निकाल. अभी काका की निकाल."

मी म्हटलं, सर, काकाले वाटून राहिलं का त्यायचं डोकं आता चालत नाही.

"तो क्या," सर म्हणाले, "उमर है."

अन् दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी फोन उचलला.

बाबूचा आवाज मले पाठ होता, पण त्या दिवशी तो हळू बोलून राहिला होता, जसा त्याच्या बाजूले कोणी उभं आहे. ड्रम होते, पंचवीस. कागदावर लिहिलेलं 'सफाई का घोल'. कोड सापडत नव्हता. मी यादीत साबण, फिनाइलच्या ओळीत पाहिलं, एक आकडा सांगतला. काका माझ्यापासून चार हातांवर झोपले होते, नाकातली शिटी खरी चालू. मी त्या शिटीवर माझी शिटी बसवली.

"हव. हरा कर दो."

बाबू थांबला. मग म्हणाला, "सर, नीचे से ऊपर पढ़ूँ?"

त्या पोट्ट्याले काकानं फोनवरूनच इतकं घोटून शिकवलं होतं का तो स्वतःहून विचारून राहिला होता. माझ्यासमोर भजियाचा पुडा उघडा होता, थंड होत.

मी म्हटलं, "रहने दो बेटा. आज रहने दो."

तीन दिवसांनी कळलं. घाटात उतारावर दोन ड्रम फुटले. आत तेजाब होतं, म्हणजे ॲसिड. उतरवणाऱ्या एका हमालाचे पाय घुटन्यापर्यंत भाजले. त्या देशाचे मोठे लोक विचारून राहिले होते का आमाले ज्या कम्प्यूटरात जुडायले सांगता, तो हाच का?

दिल्लीहून एक साहेब आला. तरुण, माझ्याहून चार-पाच वर्षं मोठा असन. हॉलमध्ये सगळ्यायले बसवलं, काकाले समोरच्या खुर्चीत, अन् मशीनवर टेप लावली. माझा आवाज हॉलमध्ये आला. म्हणजे काकाचा. "हव. हरा कर दो." मग बाबूचं विचारणं. मग ते "रहने दो बेटा."

जे तोंडात रुमाल कोंबून हसले होते ते सगळे आपापल्या कीबोर्डकडे पाहून राहिले. सरनं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. बाजूच्या पोट्टीनं माझ्या खुर्चीचा पाय आपल्या पायानं एकदा ढकलला. मी टेबलाच्या सनमायकावर नखानं रेघ मारत राहिलो.

काका म्हणाले, पुन्हा लावा. साहेबानं पुन्हा लावली. काकानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला, जसं काही चष्म्यानं नीट ऐकू येते.

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले. मग मराठीतच, कोणाले असं नाही, समोरच्या भिंतीले सांगितल्यासारखं म्हणाले, "पण मी 'रहने दो' म्हटलं. तो पोरगा स्वतः विचारून राहिला अन् मी म्हटलं, रहने दो. हे मी कधीच म्हणत नाही. म्हणजे आता सगळंच गेलं."

त्या टेपमध्ये ते काका नाहीत याचा पुरावा तोच होता. अन् काकानं त्याचा अर्थ उलटा लावला.

साहेब मराठी समजला नाही. म्हणाला, बुजुर्ग हैं, हो जाता है. कागद समोर केला. काकानं लिहून देल्लं का चूक माझी, तब्येत ठीक नाही, काम सोडतो. सही केली. टेबलावरचं ओळीनं उचललं: चष्म्याचं घर, डबी, डायरी, पेन. रिकामा डबा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी तो डबा घेऊन बूढ़ापाऱ्यात गेलो. तलावाकडून आत गेलं का गल्ली इतकी अरुंद का दोन स्कूटर आल्या तं एकाले पाय वर घ्या लागते. दार काकूनं उघडलं. डबा पाहून म्हणाली, "पाहा, हेही विसरले." स्वयंपाकघराच्या दाराले एक कागद चिकटवला होता, मोठ्या अक्षरात: गॅस बंद केला का? काकू हळूच म्हणाली, बुधवारी मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे.

काका खाटेवर बसले होते. मी उभ्यानंच सांगून टाकलं. काका, तो मी होतो. टेपमधला. दुपारचा सगळा मी होतो.

ते हसले. "माझं मन राखायले आलास. बस."

मी म्हटलं, नाही काका, खरंच. अन् ते काही ऐकून राहिले नव्हते. माझ्यासाठी बिस्किटं मागवतो म्हणून राहिले होते. तेव्हा मी जीभ गालाले लावली, शिटी सोडली अन् काकासमोर काकाच्या आवाजात म्हटलं, "अवं, दोन ग्लास पाणी आण."

आतून काकू म्हणाली, "आणते ना. आताच तं देल्लं तुमाले."

काका स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून राहिले. मग माझ्या तोंडाकडे. मले वाटलं, आता हाणतील. हाणलं असतं तं बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा काढला. त्यायनं मान खाली घातली, अन् त्यायचे खांदे हालू लागले. रडत असतील म्हणून मी पुढे झालो, तं ते हसून राहिले होते. "म्हणजे मी बरा आहो," म्हणाले. "अवं, इकडे ये. मी बरा आहो."

काकू पाणी घेऊन आली. मी तिलेही सगळं सांगतलं. पदर तोंडाले लावून दाराले टेकून उभी राहिली. हमालाचं विचारलं काकानंच. पाय राहतील का त्याचे? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "ते माहीत कर. ते पहिले."

मग त्यायनं डायरी काढली. आता ते पुन्हा नाक्यावरचे काका झाले होते. "सांग," म्हणाले. "कंबलाची गाडी?"

मीच, काका.

"चहापत्ती?"

मीच.

अकरा नोंदी होत्या. दर वेळी मी 'मीच' म्हणू अन् काकूच्या कपाळावरची एक आठी कमी होई. काही नोंदी अशाही आल्या ज्या मले ठाऊक नव्हत्या. साळ्याले दोनदा फोन करून तेच विचारलं, आठवत नाही. साळ्याले दोनदा फोन करून तेच विचारलं, आठवत नाही. मी क्षणभर थांबलो असन. पण काकू माझ्याकडे अशी पाहून राहिली होती का मी म्हटलं, मीच. मस्करीत केले होते फोन, काका. आता इतकं खराब केलंच होतं, त्यात दोन-चार जास्तीचे माझ्या नावावर गेले तं काय. अकराही माझे झाले. काकू आत चहा मांडायले वळली.

काकानं चष्मा वर सरकवला.

"आता खालून वर," म्हणाले.



"शेवटची. दूधवाला. त्याले कोणत्या फोनवर सांगतलं तू?"

दूधवाल्याजवळ फोन नव्हता. तो सायकलीवर दारात येते, हे मले तेव्हा कळलं, काकाच्या चेहऱ्यावरून.

"त्याच्या वरची. माझ्या साळ्याले मी काय म्हणून हाक मारतो?"

मले माहीत नव्हतं.

काका वर सरकत गेले. ज्या माझ्या होत्या त्यायचं मी उलटंही बरोबर सांगतलं: गाडी, बाबू काय बोलला, मी काय बोललो. त्यावर ते पेनानं बारीक टिक करत. ज्या नव्हत्या तिथं मी अडखळलो, जसे तिकडचे बाबू अडखळत. काका रागावले नाहीत. त्या त्या ओळीखाली रेघ ओढत गेले. काकू दारातच थांबली होती, हातात साखरेचा डबा.

सात टिक झाल्या. चार रेघा.

मग त्यायनं मले कोरा कागद देल्ला. सात लिही म्हणाले, तारखेसकट, ड्रमची सगळ्यात वर, अन् सरनं काय सांगतलं होतं तेही. मी लिहिलं, सही केली. सोमवारी तो कागद दिल्लीच्या साहेबाच्या हातात देल्ला अन् माझी नोकरी त्याच जिन्यातून खाली उतरली. काकाचं नाव त्या प्रकरणातून निघालं. तो देश ठरल्या तारखेच्या बऱ्याच नंतर जुडला, असं पोट्टीनं सांगतलं. हमालाचे पाय राहिले; एकाची बोटं नाही राहिली.

पण त्या रविवारी मी उठलो तेव्हा काकू म्हणाली, मग बुधवारचं डॉक्टरचं रद्द करू का? मी काकाकडे पाहिलं. ते डायरी मांडीवर ठेवून त्या चार ओळी पाहून राहिले होते, खालून वर बोट नेत.

"राहू दे," ते म्हणाले. "बुधवारी जाऊ."